एक तास मागं

पहाटे ३.४०

गजर फोनचा असतो, पण जाग येते ती आईच्या काठीनं. ती शेजारच्या खोलीत जमिनीवर काठी आपटते. दोन वेळा आपटली की उठायचं, तिसऱ्यांदा आपटली की शिव्या. कार्तिकातली थंडी केंदूरला अंगात शिरते; कोरडं रान, झाडी कमी, वेळ नदीच्या पात्रात पाणी असलं तर असलं. चुलीवर पाणी तापतं तोवर मी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवरचा कागद बघतो.

हा कागद माझ्या पुतणीनं रेघा मारून करून दिलाय. एका रांगेत केंदूर, खाली ऑकलंड, सिडनी, दुबई, मॉरिशस, लंडन, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया. आपल्याकडे किती वाजले की तिकडं किती. वर्षातून दोनदा त्यातले आकडे खोडून नवे लिहावे लागतात, कारण थंडी आली की अमेरिका-लंडनवाले घड्याळ एक तास मागं घेतात, उन्हाळ्यात परत पुढं. त्यातही एकमत नाही. लंडन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं जातं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. सिडनी-ऑकलंडचं तर त्याच सुमाराला पुढं गेलेलं असतं. लंडनचा आकडा मी गेल्या रविवारी खोडला. जर्सीचा राहिला होता.

मला लोक महाराज म्हणतात. गळ्यात तुळशीची माळ आहे, आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं काढलीत. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली काढलेली ती शाळा. तेवढं सोडलं तर मी तीन एकरांचा शेतकरी. परदेशात साठेक घरं माझ्यामागं हरिपाठ म्हणतात आणि मी स्वतः देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. एकदा एका देशाच्या व्हिसाला गेलो होतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, कोणत्या संस्थेत नोकरी करता, नेमणुकीचं पत्र कुठाय? अमेरिकेचा धर्मसेवकांचा व्हिसा घ्या नाहीतर दुसऱ्या कुणाचा, सगळ्यांना संस्था लागते, सभासदत्वाचा पुरावा लागतो. वारकऱ्याला सभासदत्व नसतं. माळ दाखवली. बाईंनी कागद परत सरकवला.

४.३०

काकडा. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज. आमच्या गावात कान्हूराज पाठकांची समाधी आहे. ज्ञानोबारायांच्या काळातले संत ते. देऊळ तेच, समाधी तीच, पण रोज येणारं माणूस वेगळ्या तोंडानं येतं. कुणी झोपेत, कुणी भांडून, कुणी रात्रीचं पाणी धरून तसंच चिखलाच्या पायानं. भूपाळ्या होतात, वासुदेव होतो, आंधळा-पांगळा होतो, गौळणी होतात. बायका ताटात काकडा पेटवून उभ्या राहतात, तुपाचा वास थंडीत खाली बसतो. कर्ण्याचा आवाज पार मळ्यांपर्यंत जातो, म्हणून न आलेलाही अर्धा आलेला असतो.

टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर. एका रांगेनं चरण म्हणायचं, दुसरीनं उचलायचं. मी म्हणता म्हणता डोकी मोजतो, सवयच लागलीये. आज डावीकडच्या रांगेत तिसरी जागा रिकामी होती. आबा नव्हते. आबांनी गेल्या कार्तिकात एक दिवसही चुकवला नव्हता.

आरती झाली, प्रसादाची पाळी ज्यांच्या घरची होती त्यांनी तिखटमिठाचा सांजा वाटला. एका पोरानं द्रोणात प्रसाद घेतला आणि आम्ही दोघं आबांच्या वाड्यावर गेलो. सात मिनिटांचं चालणं. सून अंगण झाडत होती.

"रातच्याला कणकण होती. उठत व्हते, मीच न्हाय उठू दिलं."

आतनं आबा ओरडले, "मी येतच हुतो! हिनं चपला दडवल्या!"

प्रसाद ठेवला, कपाळाला हात लावून बघितला, निघालो. एवढंच. पण मंडळ म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी हेच सांगतो: तू आला नाहीस हे कुणाच्या तरी ध्यानात येतं आणि तो उजाडायच्या आत तुझ्या दारात असतो.

६.३०

केंदूरात रविवार उजाडलाय, न्यू जर्सीत शनिवारचे रात्रीचे नऊ, कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा. सिडनीत रविवारचे दुपारचे बारा, ऑकलंडला दोन. लंडन झोपलेलं. मोबाईल स्टँडवर. हा स्टँड पाबळच्या विज्ञान आश्रमातल्या एका पोरानं लाकडी फळी यंत्रावर कापून बनवून दिला. कलबागसरांनी १९८३ साली पाबळच्या माळावर काढलेली ती शाळा. खेड्यातल्या पोरांच्या हाताला काम शिकवायला एक शास्त्रज्ञ तिथं येऊन राहिला. पुढं २००२ साली तिथं फॅब लॅब झाली, तेव्हा अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठानं आपल्या दाराबाहेर काढलेली तसली ती पहिलीच प्रयोगशाळा होती म्हणतात. मला त्यातलं फार कळत नाही. स्टँड मात्र हलत नाही.

हे सगळं सुरू झालं २०२० साली. सप्ते बंद, वारी बंद, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या ते वर्ष. गावचाच एक जावई जर्सीत. त्याचा फोन आला की आईचा हरिपाठ चुकतोय, ती खिन्न बसते, तुम्ही फोनवर म्हणाल का? पहिल्या दिवशी नऊ जण होते. मला दरवर्षी वाटलं की आता संपेल. दरवर्षी घरं वाढतातच.

फोनवर मिळून भजन होत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. माझा टाळ तिकडं पोचायला पाऊण सेकंद लागतो, त्यांचा परत यायला पाऊण. दोघांनी एकदम वाजवलं की बाजारात भांडी पडल्यासारखं. म्हणून सगळ्यांचे आवाज बंद, माझा एकट्याचा चालू. वर ते ॲप इतकं शहाणं की टाळाला गोंगाट समजून गिळून टाकायचं. लोकांना नुसतं माझं तोंड हलताना दिसायचं. मग सेटिंगमध्ये 'मूळ आवाज' नावाचं बटण सापडलं. ते दाबलं आणि ऑकलंडच्या एका बाई रडायला लागल्या. टाळ ऐकून चार वर्षं झाली होती त्यांना.

त्यामुळं माझ्यासमोर साठ चौकोन असतात, साठ तोंडं हलतात, आवाज एकही नाही. सुरुवातीला हे फार भयाण वाटायचं. कीर्तनकाराला समोरून हुंकार लागतो. आता मी चौकोनच मोजतो. प्रत्येक घराची खूण आहे: कुणाच्या मागं फ्रिज, कुणाच्या मागं बर्फाची खिडकी, एका घरी कुत्रं सोफ्यावर बसून सगळा हरिपाठ ऐकतं. आणि एका चौकोनात नेहमी छताचा पंखा. त्या काकू. शिक्रापूरकडच्या, चार महिन्यांपूर्वी एडिसनला लेकाकडे गेलेल्या. त्यांना फोन सरळ धरता येत नाही. तो टेबलावर आडवा पडलेला असतो, त्या कडेला बसून म्हणतात. चार महिन्यांत मी त्यांचा चेहरा दोनदा पाहिला असेल. पंखा रोज.

आज पंखा नव्हता.

म्हणता म्हणता मी तीनदा खालीवर बघितलं. फ्रिज आहे, कुत्रं आहे, पंखा नाही. चाळीस मिनिटांनी ज्ञानदेव-तुकारामांचा गजर झाला, सगळ्यांनी आपापले आवाज उघडून 'रामकृष्णहरी' केलं. तो एक क्षण सगळ्या देशांतला कालवा ऐकू येतो आणि तो मला फार आवडतो. मी विचारलं, "एडिसनच्या काकू आल्या नाहीत. कुणाला काही ठाऊक?"

कुणालाच नाही. त्यांना ओळखतात सगळे. म्हणजे त्यांचा पंखा ओळखतात. घर कुणी पाहिलेलं नाही.

७.१५ ते १०

दूध, वैरण, अंघोळ घातलेल्या म्हशीला परत चिखलात बसायची घाई. रोपवाटिकेत कांद्याची रोपं बोटभर झालीत. सव्वाआठला काकूंच्या फोनवर रिंग दिली, उचलला नाही. कागद बघितला: तिकडं रात्रीचे पावणेअकरा. झोपल्या असणार. लेकाला निरोप टाकला. मग आठवलं की काकूंच्या गावापासून पंचवीस मैलांवर एक जोडपं आहे, दोघंही नोकरीवाले, आठ महिन्यांपासून हरिपाठाला असतात. त्यांनाही लिहिलं: जमलं तर उद्या बघून या.

सात मिनिटं इथं, पंचवीस मैल तिथं. आणि पंचवीस मैल म्हणजे जवळ, असं ते लोक म्हणतात.

१०.३०

सभामंडपाच्या पत्र्याची बैठक. देवळाच्या पायरीवर पाच जण, एक वही, चहा. गावचाच एक मुलगा अमेरिकेत आहे, त्यानं निम्मा खर्च द्यायचं कबूल केलंय. सगळे खुशीत. मी म्हणालो, "त्याचे पैसे आपल्या ट्रस्टला घेता येणार नाहीत."

"का? चोरीचेत का?"

"त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय."

मग अर्धा तास मी परदेशी देणग्यांचा कायदा समजावला. २०१० चा तो कायदा. ट्रस्टची केंद्र सरकारकडे त्यासाठी वेगळी नोंदणी पाहिजे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यात यायला पाहिजेत. आपली नोंदणी नाही. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस तिकडं कमावून स्वतःच्या बचतीतनं रीतसर बँकेतून पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पासपोर्ट बदलला की तोच माणूस परदेशी स्रोत.

खजिनदार तात्यांना हे पटेना. "आरं, ह्याच्या बापाला मी खांद्यावर घेतलेला हाय. ह्यो परदेशी कसा?"

"कागदावर, तात्या."

"मग आईच्या नावानं मागव. लेकानं आईला पाठवल्याली चालत्यात ना?"

चालतात. आईसाठी पाठवलेली चालतात. आईच्या नावाखाली देवळासाठी पाठवलेली म्हणजे देवाच्या दारात पळवाट, आणि ती मी काढणार नाही. तात्या म्हणाले, महाराज, तुमच्यामुळं पत्रा राहणार. राहू दे. पत्र्यासाठी गावात वर्गणी काढू. पण सांगायचं म्हणजे, बैठक उठल्यावर तात्यांच्या तोंडाकडं बघून मलाही वाईट वाटलं. त्या पोराचा जीव आहे या देवळात. पैशाशिवाय जीव दाखवणं परदेशातल्या माणसाला फार कठीण असतं.

१२ च्या सुमारास

जेवताना फोन बघायचा नाही असा घरचा नियम. "अहो, भाकरी गार होतीये," असं मंडळींनी दोनदा म्हटल्यावर ठेवला. प्रश्न नेहमीचाच होता: आमची एकादशी कधी?

लोकांना वाटतं, कॅलेंडरात छापलीये ती एकादशी. तिथी ही चंद्र-सूर्यातल्या अंतरावर ठरते, ती सगळ्या जगाला एकाच क्षणी लागते. उपवास कधी करायचा ते मात्र ज्याच्या त्याच्या सूर्योदयावर. समजा, आपल्याकडे एकादशी मंगळवारी दुपारी साडेबाराला लागली आणि बुधवारी सकाळी साडेअकराला संपली. बुधवारच्या सूर्योदयाला ती आहे, म्हणून आपली बुधवारी. उन्हाळी घड्याळाच्या दिवसांत न्यू जर्सीत तीच तिथी मंगळवारी पहाटे तीनला लागते आणि बुधवारी पहाटे दोनला संपते. त्यांच्या बुधवारच्या सूर्योदयाला द्वादशी. म्हणजे त्यांनी मंगळवारी धरायची. त्यात आम्ही भागवत एकादशीवाले. अरुणोदयाला दशमीचा स्पर्श असला तरी चालत नाही.

मी सगळ्यांना आकडे मांडून देतो. तरी निम्मे लोक पंढरपूरच्याच दिवशी धरतात, कारण त्या दिवशी टीव्हीवर महापूजा दिसते. पूर्वी मी वाद घालायचो. आता घालत नाही. एकट्यानं बरोबर दिवस धरण्यापेक्षा सगळ्यांबरोबर चुकीचा धरावासा वाटणं, हेही मला एकादशीचंच लक्षण वाटतं. शास्त्री लोक माझ्यावर रागावतील.

१.३०

पुण्याहून एक तरुण आला होता. चांगला पोरगा, गाडीतनं उतरल्या उतरल्या पाया पडला. त्याचं म्हणणं, साठ घरांवर थांबू नका. चॅनेल काढू, तुमचा फोटो असलेलं बोधचिन्ह करू, पुढं तिकडं जागा घेऊन आश्रम.

"प्रभुपादांनी केलंच ना," म्हणाला.

केलं. एकोणसत्तराव्या वर्षी, १९६५ च्या ऑगस्टात ते कलकत्त्याहून 'जलदूत' नावाच्या मालवाहू बोटीत बसले, खिशात चाळीस रुपये. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कात इस्कॉन उभी केली. माझ्याच्यानं सरकारी एसटीत मुंबईला जाणं होत नाही. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे गणेशपुरीचे मुक्तानंद. जन्म मंगळूरकडचा, पण येवल्याला राहिलेले, नित्यानंदांच्या पायाशी वज्रेश्वरीजवळ आश्रम बांधलेला. १९७० साली पहिल्या परदेश दौऱ्यावर गेले आणि बघता बघता न्यूयॉर्क राज्यात साउथ फॉल्सबर्गला मोठा आश्रम उभा राहिला. मला त्यात सगळ्यात नवल वाटतं ते त्यांच्या दिनक्रमाचं. गणेशपुरीत पहाटे गुरुगीता, तर तिकडंही पहाटे गुरुगीता. इंग्रजी बोलणारी माणसं, ओठांवर संस्कृत. माणूस आपला देव दुसऱ्या देशात नेतो हे सोपं आहे. आपली पहाट नेणं अवघड, ती त्यांनी नेली. ते १९८२ मध्ये गेले आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या एका नियतकालिकात त्यांच्या वागण्याबद्दल गंभीर आरोप छापून आले, जुन्या आश्रमवासीयांच्या तोंडचे. खरंखोटं मी इथं बसून कसं ठरवणार? पण जिथं एकच आसन उंच असतं आणि बाकीचे सगळे खाली, तिथं आसनावरच्याला विचारणारं कुणी उरत नाही, एवढं मला कळतं. आमच्यात मी ज्याच्या पाया पडतो तो माझ्या पडतो. फोनवर तेही जमत नाही. मग मी हात जोडून मान खाली घालतो आणि साठ चौकोन माना खाली घालतात.

त्या पोराला एवढं काही बोललो नाही. ताक दिलं. "विचार करा, महाराज," म्हणून गेला.

खरं तर आमच्यात बाहेर जाऊन लोक जोडण्याचा पहिला मान नामदेवरायांचा. पंजाबात घुमानला राहिले, तिथल्या लोकांच्या बोलीत रचना केल्या. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं तेव्हा आमच्या भागातनंही माणसं गेली होती. त्यांनी परत येऊन सांगितलं की तिथं बाबा नामदेव घरचे आहेत, पाहुणे नाहीत. हे मला संध्याकाळी उपयोगी पडतं. का ते पुढं येईल.

३.००

लंडनचे सकाळचे साडेनऊ. तिथल्या महाराष्ट्र मंडळाला १९३२ पासूनची परंपरा, त्यामुळं लंडनवाल्यांना आपण जुने असल्याचा थोडा ताठा आहे, पण पखवाज शिकायला मात्र तीनच जण. आज कणीक लावणं. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, वाजवायच्या आधी ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय खर्ज निघत नाही. किती लावायची हे सांगता येत नाही, हातानंच कळतं. तिकडच्या पिठाला आपल्या गव्हाचा चिकटपणा नाही. कणीक पहिल्या थापेला सुटून एकाच्या गालिच्यावर पडली. त्याची बायको मागून जे बोलली ते शुद्ध साताऱ्याचं होतं. जीव गार झाला.

एकजण म्हणाला, महाराज, आमच्याकडे आरती लावली की धुराचा भोंगा वाजतो, सगळी इमारत खाली उतरते. गेल्या दिवाळीत अग्निशमनची गाडी आली होती. आता ते स्वयंपाकघरातला पंखा लावून, खिडकी उघडून, एक माणूस भोंग्याखाली वर्तमानपत्र हलवायला उभा करून आरती करतात. वर्तमानपत्रवाल्याला त्यांनी मानकरी नाव ठेवलंय. ठेवू द्या. पालखीला चवरी ढाळणारा असतो तसाच तो.

५ वाजता शेतावर. या आठवड्यात आमच्या फिडरला लाईट रात्रीची, दहा ते सहा. मोटरचा स्टार्टर बघून आलो. तालुक्यात बिबट्यानं माणसं मारल्यापासून रात्री कुणी एकटं पाणी धरायला जात नाही. भावाला सांगून ठेवलं.

६.३०

जर्सीतल्या मुलांचा वर्ग, दर रविवारी, तिकडं सकाळी नऊला. अंगरखा घातला, बुक्का लावला, फोन स्टँडवर ठेवला, टाळ घेतले. कुणी आलं नाही.

पाच मिनिटं वाट बघितली. दहा. एकही चौकोन नाही, फक्त माझाच, त्यात मीच. सकाळपासून काकूंचं मनात होतं, लेकाचा निरोप आला नव्हता, त्यात हे. वाटलं, संपलं. कधीतरी संपायचंच होतं, ते आज. तो पुण्याचा पोरगा शहाणा, मी खुळा. अर्धा तास मी त्या रिकाम्या काचेसमोर टाळ मांडीवर घेऊन बसलो होतो. आई काठी टेकत आली, फोनमध्ये डोकावली.

"कुणाशी बोलतुयास?"

"कुणाशी न्हाय."

"मग उठ की. दिवा लाव."

उठलो, दिवा लावला, आणि देव्हाऱ्याशेजारी कागद. न्यू जर्सी. नोव्हेंबरचा पहिला रविवार. आपल्या साडेअकराला, तिकडं रात्री दोन वाजता, त्यांचं घड्याळ एक तास मागं गेलं होतं. तिकडं आत्ता कुठं साडेआठ वाजले होते. पोरं दूध पीत असतील. पेनानं आकडा खोडला, नवा लिहिला. दर साली हेच होतं आणि दर साली मी तेवढा वेळ जग बुडाल्यासारखा बसतो.

साडेसातला चौकोनच चौकोन. सतरा पोरं. नव्या एका मुलीनं पहिलाच प्रश्न टाकला, इंग्रजी-मराठी मिसळून: विठोबा रागावलाय का? आई रागावली की कमरेवर हात ठेवून अशीच उभी राहते.

मी म्हणालो, अठ्ठावीस युगं वाट बघून तूही अशीच उभी राहशील.

या पोरांना देवनागरी वाचता येत नाही. पालकांनी हरिपाठ इंग्रजी अक्षरांत लिहून दिलाय. त्यात टाळाचा टाल होतो, कळीची कली होते. पहिलं वर्षभर मी यावर चिडचिड केली. ळ येत नसेल तर मराठी कशाला म्हणता, असं एकदा बोलूनही गेलो. पुढच्या रविवारी दोन पोरं आली नाहीत. त्या रात्री मला नामदेवराय आठवले. आता मी ळ साठी जीभ टाळ्याला उलटी कशी लावायची ते कॅमेऱ्यासमोर तोंड उघडून दाखवतो, पोरं खिदळतात, आणि आठवड्यातून एखादं 'टाळ' म्हणतं. ते आलं की इकडं मी टाळ वाजवतो. बक्षीस.

वर्ग सुटताना त्या जोडप्याचा निरोप आला: "महाराज, निरोप आत्ता वाचला. निघतो काकूंकडे."

रात्री १०.४०

लाईट दहाला आली. भाऊ बॅटरी घेऊन बांधावर, मी दार्‍यावर. दोघं मोठ्यानं बोलतो, बिबट्याला ऐकू जावं म्हणून. काही सुचेनासं झालं की तो सिनेमाची गाणी म्हणतो. दुसऱ्या वाफ्यात पाणी शिरलं तेवढ्यात फोन. फावडं खांद्याला लावून उचलला. जर्सीत बाराच्या पुढं झालेलं. मागून कढईत काहीतरी तडतडत होतं, बायकांचं हसणं.

"महाराज, बोला काकूंशी."

"रामकृष्णहरी, काकू. तब्येत बरी ना? काल दिसला नाहीत."

"आले व्हते की!" काकू फोनजवळ तोंड नेऊन ओरडून बोलतात. "नऊला बसले. ते समोर सारखं लिहून येत व्हतं. ह्या पोरीनं आत्ता वाचून सांगितलं, यजमान आले की सुरू होईल म्हणं."

"आपण नऊलाच सुरू केलं होतं, काकू."

"लेकानं संध्याकाळी भिंतीवरचं घड्याळ मागं केलं. रात्री जागायला नको म्हणून आधीच करून ठिवलं, म्हणला. मला काय ठावं? मी आपली भिंतीवरचं बघून बसले."

म्हणजे आम्ही सगळे 'रामकृष्णहरी' करून उठलो, मी म्हशीला वैरण टाकत होतो, तेव्हा त्या टेबलाशी येऊन बसल्या होत्या.

"मग काय केलंत?"

"काय करणार? म्हटलं, समदे झोपले असतील. एक चरण ह्या बाजूनं म्हटलं, एक त्या बाजूनं. दोन्ही रांगा मीच झाले." मग आवाज खाली आणून, "ही दोघं आलीत आता. कढीभात केलाय. आठ महिने जवळ राहतायत म्हणं, आन् मला सांगितलं न्हाय कुणी."

भाऊ पलीकडनं ओरडला, वाफा फुटतोय. मी फावड्यानं माती ओढत म्हणालो, "काकू, आज रात्री आठला. तिकडच्या आठला."

"भिंतीवरच्या का फोनमधल्या?"

"आता दोन्ही एकच आहे."

"बघा हां," त्या म्हणाल्या, आणि फोन बहुतेक टेबलावर आडवा ठेवला, कारण पडद्यावर पंखा दिसायला लागला.